एकवीस वेळा ठणठणीत

माझ्या बहिणीला मेंदूज्वर झाला तेव्हा माझ्या भावोजींनी तिला आरशासमोर उभं केलं आणि ‘मी ठणठणीत आहे’ हे वाक्य एकवीस वेळा म्हणायला लावलं. अकराव्या खेपेला ती ‘मी ठणठणीत’ इथपर्यंत आली आणि पुढचा शब्द तिला सापडेना. ‘आहे’ हा शब्द. भावोजी म्हणाले, “बघ, नेमकं इथेच तुझं मन अडतंय.”

हे मी ऐकीव सांगत नाही. मी दारात उभी होते, चपला तशाच पायात.

भावोजींचा धंदा बोलण्याचा. कंपन्यांमधून आणि कॉलेजांमधून ते ‘ठरवलं की झालं’ नावाची कार्यशाळा घेत. कानाला अडकवायचा माइक, बंद गळ्याचा शर्ट आणि दर दहा मिनिटांनी डोळे मिटून घेतलेला एक मोठा श्वास. त्या श्वासावर लोक भाळत. त्यांनी पुस्तकही लिहिलं होतं आणि मी ते वाचलंय. मजकूर एका पानाचा, तोच एकशे साठ पानं छापलेला.

ताई मात्र काम करायची. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दवाखान्यांतून तोंडाचे ठसे येतात, त्यात प्लास्टर ओतून जबडा करायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि शेवटी तयार कवळी जिभेला टोचणार नाही अशी घासून द्यायची. प्लास्टरचा जबडा हातात घेऊन हा माणूस उजवीकडून चावतो की डावीकडून, हे ती न विचारता सांगते. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसते आणि फ्रेमच्या मापाने काचा कापून त्यांच्या कडा घासते. बाबा होते तेव्हा पाहुण्यांना सांगायचे, माझी एक मुलगी दात काढते आणि दुसरी डोळे दाखवते.

सोमवारी दुपारी ताईचा दुकानात फोन आला. अंगात कणकण होती, डोकं ठणकत होतं. मग तिने मधेच विचारलं की तुमच्याकडे काही जळतंय का, रबर जळल्यासारखा वास येतोय. वास तिला तिच्या लॅबमध्ये येत होता आणि विचारत होती ती मला, फोनवर. मी हसले. गिऱ्हाईक उभं होतं, मी म्हटलं गोळी घे आणि झोप.

मी हसले त्याला कारण होतं, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तीन आठवड्यांपूर्वी ताईने मला सांगितलं होतं की ती भावोजींना सोडणार आहे. दुसऱ्या कुणालाही हे माहीत नव्हतं. खोली बघितली होती, महिन्याअखेरीस जाणार होती. त्यामुळे डोकेदुखी, वास, मंगळवारी फोनवर एकच वाक्य तीनदा बोलणं, हे सगळं मी त्या खात्यात टाकलं. बिचारीला ताण आलाय म्हटलं. म्हणजे भावोजींनी जे निदान केलं तेच मी केलं, फक्त माइक न लावता. त्यांच्याविषयी मी पुढे जे काही बोलेन ते ऐकताना हे ध्यानात असू द्या.

बुधवारी लॅबच्या मालकांनी मला फोन केला. म्हातारा माणूस, चाळीस वर्षं याच धंद्यात, उगाच कुणाला फोन करणारा नव्हे. म्हणाले, तिने आज वरचे दात खालच्या जबड्यात बसवले आणि मी दाखवलं तर मलाच वेडा ठरवलं. रिक्षात बसवून घरी पाठवलंय, पण तिचं काहीतरी बिघडलंय, तुम्ही जा. मी हातातली काच तशीच ठेवून निघाले आणि त्या आरशाच्या दृश्यात येऊन पोहोचले.

ताईचे डोळे तापाने चकाकत होते. मला बघून तिने “आई, ते लोक पाणी शिवतायत” असं म्हटलं. आई जाऊन तीन वर्षं झाली. पायात एक मोजा होता, दुसरा हाताच्या पंजावर चढवलेला. मी भावोजींना म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं. त्यांनी मला बाजूला घेतलं. हॉस्पिटल म्हणजे आजाराला पाठवलेलं बोलावणं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी हजारो माणसं हाताळली होती. हा लक्ष वेधून घेण्याचा प्रकार होता, आणि त्याला खतपाणी घालायचं नसतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी साधा ताप सांगून गोळ्या दिल्या होत्या, तेवढं पुरे. शिवाय पाच वाजता त्यांची कार्यशाळा होती.

ते बोलत असताना मागे धप्प असा आवाज झाला. ताई पडली होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात आणि पाय ताडताड आपटत होते, ओठातून फेस येत होता. मी तिला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली माझी पर्स सरकवली. वळून बघते तर भावोजी गॅलरीत. मला वाटलं रुग्णवाहिका बोलावतायत. ते आयोजकांना सांगत होते की घरात जरा वैयक्तिक अडचण आलीय, पंधरा मिनिटं उशीर होईल.

खालच्या मजल्यावर शाळेची व्हॅन चालवणारी एक बाई राहते. मी जिन्यातून हाक मारली. ती वर आली, बघितलं आणि एवढंच विचारलं की पाय कोण धरतंय. पाय मी धरले. मुलांच्या बाकड्यांमधल्या जागेत ताईला आडवं घातलं आणि ती बाई अशी व्हॅन हाकत गेली की मला आजही तिच्या पाया पडावंसं वाटतं. भावोजी म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. ते आले साडेसातला.

हॉस्पिटलमध्ये मेंदूची डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होती, केस रबरात बांधलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने ताईच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मान वाकवून बघितली, तळपाय खरवडला आणि मला विचारलं की हे किती दिवस चाललंय. मी “दोन” म्हटलं. मग “तीन” म्हटलं. तिने तीन लिहिलं, वर बघितलंही नाही. मेंदूचा फोटो काढला. कानाच्या वरच्या बाजूला, आतल्या अंगाला सूज दिसत होती. तिने मला सोप्या भाषेत सांगितलं की तापानंतर ओठांच्या कडेला पुळ्या उठतात त्यातला विषाणू बहुधा मेंदूत शिरलाय. का शिरतो ते कुणाला नीट कळलेलं नाही. त्याच्यावर औषध आहे, पण ते जितकं लवकर जाईल तितकं मेंदूतलं जास्त वाचतं. औषध तिने अर्ध्या तासात सुरू केलं, कुणाची वाट न बघता. कण्यातलं पाणी काढून तपासायला मात्र नवऱ्याची सही हवी होती, आणि नवरा फोनवर म्हणत होता की मी आल्याशिवाय काही करू नका.

साडेसातला आले ते कार्यशाळेत मिळालेला गुच्छ हातात घेऊन. मला वाटलं ताईसाठी आणला असेल. नव्हता, ठेवायला जागा मिळाली नाही म्हणून हातात होता. आल्या आल्या त्यांनी डॉक्टरणीला आपलं कार्ड दिलं आणि सांगितलं की ही मुळात मनाने हळवी आहे, हल्ली तणावाखाली होती.

डॉक्टरीण म्हणाली, “तणावाने एकशे चार ताप येत नाही. सही करता का?”

मग हा हजारो माणसं हाताळलेला माणूस म्हणाला की पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो असं त्याने ऐकलंय. कुणाकडून ऐकलं तर आत्याकडून. इतकी वर्षं लोकांना भीती म्हणजे भ्रम आहे असं शिकवून स्वतःची सही अडली ती आत्यापाशी. डॉक्टरणीने शांतपणे समजावलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा म्हणाली, “औषध थांबलेलं नाही, तपासणी थांबलीय. आणि ती फक्त तुमच्यासाठी थांबलीय.” तेव्हा त्यांनी पेन घेतलं. सही पुस्तकावर करतात तशीच केली, ऐसपैस, खाली रेघ ओढून दोन टिंबं देऊन.

पाण्यात तोच विषाणू सापडला.

तीन आठवडे दर आठ तासांनी सलाइनमधून ते औषध जात होतं. पहिले नऊ दिवस ताई शुद्धीवर नव्हती. मी दुकानातून सुट्टी घेतली आणि तिच्या पलंगाशी बसून राहिले. भावोजी रोज पाचला येत, बरोबर दोघे-तिघे शिष्य. तिच्या कानाशी वाकून ‘तू ठरव, तू उठ’ असं पुटपुटत, आणि एक शिष्य त्याचा फोटो काढी. नातेवाईकांचंही काय सांगू. एक काका बदाम चारा म्हणाले, बेशुद्ध बाईला. एका मावशीने मला विचारलं की ही फार वाचायची का गं, त्याने मेंदू तापतो म्हणतात. नर्सने तिला बाहेर काढलं नसतं तर मी काढलं असतं, आणि ते जरा कमी सभ्यपणे झालं असतं.

दहाव्या दिवशी सकाळी ताईने डोळे उघडले आणि मला माझ्या लहानपणीच्या नावाने हाक मारली. मी नर्सला बोलवायला धावले आणि दाराच्या चौकटीवर आपटून कपाळ फोडून घेतलं. ताई जगली होती, बोलत होती. काय काय गेलंय ते हळूहळू कळत गेलं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नव्हतं. आई गेल्याचं मी तिला तीन वेळा सांगितलं, आणि तिन्ही वेळा ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडली. चौथ्यांदा सांगायची वेळ आली तेव्हा मी एक वही आणली आणि तिच्याच अक्षरात तिच्याकडून लिहून घेतलं. पुढे ती सगळंच वहीत लिहू लागली.

मागची चारेक वर्षं जवळजवळ कोरी झाली होती. त्याच्या आधीचं मात्र बरंचसं शाबूत. म्हणजे भावोजी तिला आठवत होते, पण कुठले, तर लग्नाआधी तिच्यासाठी लॅबच्या दारात ताटकळणारे. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवत होतं, घराला रंग दिला ते. पुढचं काही नाही. ते खोलीत आले की तिचा चेहरा उजळायचा. एकदा तिने मला कुजबुजून विचारलं, “अजून तसाच आहे ना गं तो?” मी सलाइनची बाटली बघितली आणि म्हटलं, औषध संपत आलंय, नर्सला सांगते.

ताई घरी आल्यावर दोन महिन्यांत भावोजींनी नवं व्याख्यान तयार केलं. बायको मृत्यूच्या दारातून कशी परत आली, ती कुणाच्या शब्दांमुळे आली, असं त्यात होतं. औषधाचं नाव नाही, डॉक्टरणीचं नाही, व्हॅनवाल्या बाईचं तर नाहीच. पहिल्या कार्यक्रमाला त्यांनी ताईला व्यासपीठावर नेलं. मी तिसऱ्या रांगेत होते. ताईच्या हातात एक कार्ड दिलं होतं, ते तिने सांगितल्याप्रमाणे वाचलं: “अंधारात मला एकच आवाज ऐकू येत होता. तो माझ्या पतीचा होता.” सभागृहात हुंदके ऐकू आले. माझ्या शेजारचे गृहस्थ, चांगले कोट घातलेले, नाक शिंकरत होते. नऊ दिवस बेशुद्ध असलेल्या बाईला आवाज कसा ऐकू येईल, हे त्या चारशे लोकांपैकी एकालाही सुचलं नाही. टाळ्या सुरू झाल्या आणि मीही वाजवल्या. हात आपोआप वाजले. घरी जाऊन मी ते हात साबणाने धुतले, लहान मुलासारखे.

ती भावोजींना सोडणार होती हे आता तिला सांगायचं की नाही, यावर दुसऱ्या दिवसापासून माझं डोकं फिरायची वेळ आली. तिला सुखात बघवत नाही म्हणून सांगतेय का, असंही स्वतःला विचारून झालं. तपासणीच्या वेळी ताई आत रक्त द्यायला गेली तेव्हा मी डॉक्टरणीला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली की गेलेलं परत येईल असं आता वाटत नाही. मग पेनचं टोपण लावत म्हणाली, “मला मेंदूतलं कळतं, लग्नातलं नाही. पण तुमच्या बहिणीची समज कुठेही गेलेली नाही. तिच्या वतीने तुम्ही ठरवू नका.”

ताई तेव्हा पुन्हा लॅबमध्ये जाऊ लागली होती, अर्धा दिवस. हातांना सगळं येत होतं. कुठलं गिऱ्हाईक, कुठला दवाखाना, ते विसरायची, पण मेणात दात बसवताना बोटं जराही अडखळत नसत. मालकांनी तिच्या टेबलासमोर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात दिवसाची कामं लिहून लावायला सुरुवात केली होती, आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. मी दुपारच्या सुट्टीत तिथे गेले, स्टूल ओढून बसले आणि सांगितलं.

तिने हातातला जबडा खाली ठेवला नाही. “तुला सांगताना मी रडत होते?”

“नाही. मोजे जोड्या लावून ठेवत होतीस.”

“मारलं होतं त्याने?”

“नाही.”

“मग?”

“तू म्हणालीस, चार वर्षांत त्याने मला एक प्रश्न विचारला नाही. फक्त उत्तरं देतो.”

ती बराच वेळ पुढचा दात मेणात थोडा आत, थोडा बाहेर करत राहिली. वहीत लिहील असं मला वाटलं, पण तिने लिहिलं नाही. म्हणाली, “हे तुझं आठवणं झालं. माझं नाही. मला बघू दे.” मग मला बजावलं की तिने स्वतः विषय काढेपर्यंत मी काढायचा नाही. विसरशील की, असं मी म्हटलं. त्यावर तिने सांगितलं की बघायला आठवावं लागत नाही, तो रोज समोर असतोच.

पुढचे तीन महिने ती बघत होती. भावोजी घरी आले की काय विचारतात ते ती रोज वहीत टिपायची. ही वही ते शेवटी स्वतःच मागून घेऊन बसले, कारण नव्या पुस्तकात त्यांना ‘पत्नीच्या कृतज्ञतेची पानं’ टाकायची होती. न वाचता छापायला दिली असती तर मला फार आनंद झाला असता, पण वाचली. पानापानांवर तारीख आणि त्याखाली ओळ. माझा निळा शर्ट कुठाय. चार्जर कुणी हलवला. मी आज कसा बोललो. लोक रडले ते बघितलंस का. मधेमधे नुसतंच ‘आज काही नाही’. आणि एका ठिकाणी, ‘आज माझी तब्येत विचारली. शेजारपाजारचे समोर उभे होते.’

ते माझ्या दुकानात आले, भर गर्दीच्या वेळी. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना बिनतयारीचं बोलताना ऐकलं. तू तिच्या डोक्यात भरवलंस, म्हणाले. आजारी बाईच्या कानाला लागलीस, तिच्या मेंदूवर परिणाम झालाय, तिला काही कळत नाही. मी काच घासायचं यंत्र बंद केलं.

“व्यासपीठावर ती पूर्ण बरी झाली होती,” मी म्हटलं. “तुमच्या शब्दांनी. आता पुन्हा आजारी पडली?”

त्यांनी तोंड उघडलं, डोळे मिटले आणि तो मोठा श्वास घेतला. समोर चष्म्याच्या नंबरासाठी थांबलेल्या आजींनी विचारलं की यांना बसायला खुर्ची देऊ का. ते निघून गेले.

ताई त्याच आठवड्यात घराबाहेर पडली. मला वाटलं होतं ती म्हणेल, तू बरोबर होतीस. तसं काही म्हणाली नाही. तिने सांगितलं की तो तिला अजूनही आवडतो, म्हणजे आठवणीतला तो, आणि या घरात राहिली तर आठवणीतलाही जाईल. हे ऐकून मात्र मला रडू आलं, कारण त्या माणसाबद्दल एवढं चांगलं बोलायची माझी तयारी नव्हती.

भावोजींचं बरं चाललंय. आजाराने बायकोचं मन हिरावून नेलं, तरी हसत कसं जगायचं, यावर ते आता बोलतात. सभागृहं भरतात. भरू देत. त्या खुर्च्यांत बसणाऱ्यांची मला आता कीवही येत नाही.

ताईची खोली लॅबपासून सरळ रस्त्यावर आहे, एकच वळण. तरी पहिले दोन महिने मी रोज तिला न्यायला आणि सोडायला जायचे. मी पोहोचण्याआधीच निघून दोनदा ती चुकून भलत्याच गल्लीत गेली होती आणि एका सिमेंटच्या गोदामाबाहेर बसून राहिली होती. मग एका शनिवारी तिने मला येऊ नकोस म्हणून सांगितलं. ती एकटी माझ्या दुकानात येणार होती, बस बदलून. अकराला यायची होती. साडेअकरा झाले, बारा वाजत आले. मी एक काच वाकडी कापली, दुसरी फोडली. बाराला दहा कमी असताना ती दारात उभी राहिली, घामाघूम, हातात वही, कपाळावर आठी.

तिने तीन जणांना रस्ता विचारला होता. दोघांनी नीट सांगितला. तिसरा म्हणे एक औषधांच्या दुकानातला टाय लावलेला माणूस होता. तिच्या हातातली वही बघून तो तिच्याशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलायला लागला आणि शेवटी तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, शाब्बास.

“मग तू काय केलंस?” मी विचारलं.

“त्याच्या तोंडाकडे बघितलं,” ताई स्टुलावर बसत म्हणाली. “वरची कवळी आहे, सैल. कुणी बनवली कोण जाणे, एवढं भिकार काम मी पहिल्या वर्षीही केलं नव्हतं. तेवढं त्याला सांगितलं आणि निघाले. पाणी दे.”